मावशीला आयर्लंडला आणायचंय? अर्जाआधी हे वाचा

गोव्यात डिचोलीच्या आमच्या घरात दोन बहिणींनी जन्मभर एकाच चुलीवर रांधलं. थोरली माझ्या सासूबाई, धाकटी म्हणजे मावशी. लग्नानंतर चार वर्षांत मावशी विधवा झाली आणि बांद्याहून बहिणीकडे आली ती कायमचीच. माझ्या नवऱ्याला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेच्या गाडीत बसवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. पुढे नवऱ्याला वडिलांच्या बाजूनं पोर्तुगीज नागरिकत्व मिळालं, २०१६ मध्ये आम्ही आयर्लंडला आलो, आणि दोघींना इथे आणायचं ठरवलं.

सासूबाईंचं काम वर्षाच्या आत झालं. मावशीला तीन वर्षं लागली आणि मधे एक नकार पचवावा लागला. आपल्या लेखी दोघी सारख्याच, पण कायद्याच्या लेखी एक ‘कुटुंबीय’ आणि दुसरी ‘इतर कुटुंबीय’. या ‘इतर’मुळे किती कागद वाढतात, ते आम्ही ठेचा खात शिकलो. तुम्ही भाऊ, बहीण, मावशी, काका, भाचा किंवा पुतण्या यांच्यासाठी अर्ज करणार असाल तर खालच्या क्रमानं चला. मी आयर्लंडबद्दल लिहितेय. मूळ कायदा सगळ्या युरोपियन युनियनचा असला तरी तपशील देशागणिक बदलतात.

१. स्पॉन्सर या कायद्यात बसतो का ते आधी बघा

हा कायदा म्हणजे युरोपियन युनियनचा २००४ सालचा ३८ क्रमांकाचा निर्देश. तो युनियनच्या एका देशाचा नागरिक असून युनियनच्या *दुसऱ्या* देशात राहणाऱ्या माणसासाठी आहे. ज्याच्या नात्यावर अर्ज होतो तो हा माणूस म्हणजेच स्पॉन्सर. पोर्तुगीज माणूस आयर्लंडमध्ये राहत असेल तर चालतो. तोच लिस्बनमध्ये राहत असेल तर नाही, कारण तो स्वतःच्याच देशात आहे. नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइनच्या नागरिकांनाही हा कायदा लागू पडतो.

इथे सगळ्यात जास्त फसतात ते आयरिश पासपोर्ट घेतलेले आपले लोक. “माझ्याकडे आता युरोपचा पासपोर्ट आहे, म्हणजे आईला आणता येईल,” असं मला निदान पाच जणांनी सांगितलंय. आयर्लंडमध्ये राहणारा आयरिश नागरिक सहसा या कायद्याखाली येत नाही. त्याला देशाचे स्वतःचे कुटुंब-पुनर्मीलनाचे नियम लागतात आणि ते बरेच कडक आहेत. भारतीय पासपोर्टवर वर्क परमिट घेऊन आलेल्यालाही हा रस्ता नाही. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांसाठी तो १ जानेवारी २०२१ पासून बंद झाला.

स्विंडनला असलेल्या आपल्या गोयंकारांसाठी एक वाक्य: ब्रिटनमध्ये भाऊ, मावशी, काका अशा नातेवाइकांचं हे दार ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. “अजून होतं, थोडे पैसे लागतील” असं सांगणारा एजंट भेटला तर चहा प्या आणि उठा.

२. नातं कोणत्या कप्प्यात पडतं ते ठरवा

पहिल्या कप्प्यात नवरा-बायको, २१ वर्षांखालची मुलं, त्याहून मोठी पण अवलंबून असलेली मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील येतात. नवऱ्याचे किंवा बायकोचे आईवडीलही यातच. यांचा *हक्क* असतो, म्हणजे नातं आणि अवलंबित्व सिद्ध झालं की परवानगी द्यावीच लागते.

दुसरा कप्पा बाकीच्यांचा. त्यातही नुसतं नातं पुरत नाही. त्यासोबत तीनपैकी एक गोष्ट दाखवावी लागते:

- ती व्यक्ती मायदेशात युरोपियन नागरिकावर अवलंबून आहे, किंवा
- ती त्याच्या घरातली, एकाच कुटुंबात राहणारी व्यक्ती आहे, किंवा
- तिची तब्येत इतकी गंभीर आहे की त्याच नागरिकानं जातीनं काळजी घेणं गरजेचं आहे.

लग्न न करता दीर्घकाळ एकत्र राहणारे जोडीदारही याच कप्प्यात येतात, पण त्यांचे पुरावे निराळे असल्यानं ते इथे घेत नाही.

‘पोटच्या मुलासारखा वाढवलाय’ या वाक्याला इथे वजन नाही. कायदेशीर दत्तक घेतलेला मुलगा पहिल्या कप्प्यात जातो. भावाच्या माघारी सांभाळलेला पुतण्या दत्तकपत्र नसेल तर दुसऱ्या कप्प्यात. अल्जीरियातल्या एका मुलीच्या प्रकरणात युरोपियन न्यायालयानं २०१९ मध्ये हेच सांगितलं. तिथल्या धार्मिक पालकत्वाच्या पद्धतीनं सांभाळलेली मुलगी थेट वंशज नाही, पण ‘इतर कुटुंबीय’ म्हणून तिचा विचार करावाच लागेल.

३. ‘सुलभ करणे’ म्हणजे काय ते समजून घ्या

दुसऱ्या कप्प्यातल्या माणसांना प्रवेशाचा थेट हक्क नाही. सरकारनं त्यांचा प्रवेश ‘सुलभ करावा’, त्यांच्या परिस्थितीची नीट तपासणी करावी आणि नाकारायचं तर कारणं द्यावीत, एवढंच निर्देशात आहे. २०१२ च्या रहमान निकालात न्यायालयानं स्पष्ट केलं की प्रत्येक अर्ज मंजूर करायचं बंधन सरकारवर नाही. मात्र ‘सुलभ’ या शब्दाचा अर्थच उरणार नाही, असे निकषही त्याला लावता येत नाहीत.

यामुळेच प्रत्येक देशाची मोजपट्टी वेगळी. जर्मनीत किमान दोन वर्षं आर्थिक आधार दिलेला हवा, किंवा दोन वर्षं एका घरात काढलेली हवीत, असं कायद्यातच लिहिलंय. आयर्लंडच्या २०१५ च्या नियमांत असा वर्षांचा आकडा नाही, सगळी परिस्थिती एकत्र तोलली जाते. तेव्हा म्युनिकच्या आतेभावाचं झालं म्हणून त्याची फाइल मागवून जशीच्या तशी उतरवू नका. आमच्या पहिल्या अर्जात आम्ही हेच केलं होतं.

४. स्पॉन्सरचे कागद

हा भाग सोपा आहे. पहिल्या तीन महिन्यांनंतर स्पॉन्सर नोकरीत हवा, स्वतःचा धंदा करत असावा, किंवा त्याच्याकडे पुरेसा पैसा आणि आरोग्य विमा हवा. पासपोर्ट, नोकरीचा करार, अलीकडच्या पगारपावत्या, कर खात्याचा कागद, घराचा भाडेकरार आणि त्याच पत्त्यावरचं वीजबिल जमवा. भाडेकरारात आणखी एका माणसाला राहायला जागा आहे का तेही बघा. एका खोलीत चौघं राहत असाल तर आधी घर बदला.

५. अवलंबित्व: पैसा कुणाच्या खात्यातून गेला?

आमचा पहिला अर्ज इथेच पडला, आणि चूक पूर्णपणे माझी होती.

मावशीच्या खात्यात दर महिन्याला पैसे जायचे, पण माझ्या खात्यातून. घरचे हिशेब मी बघते म्हणून. मी भारतीय नागरिक. आता निर्देशातलं वाक्य बघा: दुसऱ्या कप्प्यातली व्यक्ती *युरोपियन नागरिकावर* अवलंबून असायला हवी. सासूबाईंच्या वेळी हा प्रश्न आलाच नाही, कारण आईवडील नागरिकावर किंवा त्याच्या बायकोवर अवलंबून असले तरी चालतं. मावशीच्या वेळी माझ्या खात्यातून गेलेल्या पैशांचे कागद नवऱ्याच्या नावावर काहीच सिद्ध करत नव्हते.

त्यावर कडी म्हणून आम्ही दोन नोटरी प्रतिज्ञापत्रं लावली: ‘मी मावशीचा सर्व खर्च करतो व पुढेही करीन.’ म्हापशाच्या नोटरीचा लाल शिक्का, वर तिकीट, दिसायला भारदस्त. पण ‘मी सांभाळीन’ या हमीवरून अवलंबित्व मान्य करायलाच हवं असं नाही, हे न्यायालयानं २००७ च्या जिया निकालात सांगून ठेवलंय. बघितलं जातं ते हे, की मायदेशात, अर्जाच्या वेळी, या व्यक्तीच्या मूलभूत गरजा या पैशांशिवाय भागत होत्या का?

म्हणून दुसऱ्या वेळी आधी तिचा महिन्याचा खर्च एका पानावर मांडला. वाणसामान, रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या, वीज, गॅस, तपासण्या. समोर तिचं उत्पन्न लिहिलं, ते म्हणजे गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला २,००० रुपये. हे उत्पन्न दाखवावं की नाही यावर घरात वाद झाला. आम्ही दाखवलं. थोडं उत्पन्न असल्यानं अवलंबित्व संपत नाही, लपवलेलं सापडलं तर मात्र अख्खी फाइल संशयात जाते. तिच्या पासबुकात ती रक्कम दर महिन्याला दिसतच होती, लपवणार कुठे?

तिसऱ्या रकान्यात नवऱ्याचे पैसे. दीड वर्षाच्या रकमा त्याच्या खात्यातून थेट मावशीच्या खात्यात गेलेल्या होत्या. त्याच्या भारतातल्या एनआरओ (अनिवासींसाठीच्या) खात्यातून डिचोलीच्या घराचं वीजबिल जायचं, त्याचं विवरण जोडलं. औषधांच्या दुकानाची बिलं जोडली, ज्यांवर नाव मावशीचं आणि पैसे भरल्याची नोंद याच्या खात्यातली.

इथले नेहमीचे सापळे:

- अर्जाच्या आधीच्या तीनच महिन्यांत अचानक मोठ्या रकमा पाठवणं. अधिकाऱ्याला ते पहिल्या नजरेत कळतं.
- सुट्टीत गेल्यावर हातात पैसे देणं. दिलेत खरे, पण पुरावा शून्य. निदान त्याच दिवशी एटीएममधून काढल्याची नोंद तरी ठेवा.
- ‘मावशीला बँकेत जायला जमत नाही’ म्हणून शेजाऱ्याच्या किंवा दिराच्या खात्यात पाठवणं.
- मदत करणारे चौघं असणं. चार भावंडं थोडं थोडं देत असतील तर ती एकट्या तुमच्यावर अवलंबून कशी, हा प्रश्न येणारच. उत्तर आधीच अर्जात लिहा.

६. एकाच घरातले असल्याचा पुरावा

आम्ही हा दुसरा आधारही घेतला, कारण एक पाय लंगडला तर दुसरा हवा. ‘घरातली व्यक्ती’ कुणाला म्हणायचं यावर युरोपियन न्यायालयाचा सप्टेंबर २०२२ चा निकाल आहे, आणि तो आयर्लंडहूनच गेलेल्या प्रकरणातला. त्याचं सार असं: एका घरात राहून तयार झालेली घट्ट, टिकाऊ नाती हवीत, एकमेकांवर विसंबून असलेलं सामायिक आयुष्य हवं. निव्वळ सोयीपुरतं काही काळ एका छताखाली राहिलात तर ते धरत नाहीत. शिक्षणासाठी दोन वर्षं काकाकडे राहिलेल्या पुतण्याला हे सिद्ध करणं जड जाईल. मावशीला सोपं जायला हवं होतं.

पण नवऱ्याचं नाव रेशनकार्डावर नव्हतंच. परदेशी नागरिकत्व घेतलं की नाव कमी करतात, तसं ते केलं होतं. नवं कार्ड बघणाऱ्याला वाटावं की हा माणूस या घरात कधी राहिलाच नाही. सासूबाईंनी सगळे जुने कागद बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले होते, त्यात जुनं कार्ड सापडलं. हळदीचे डाग, एक कोपरा उंदरानं खाल्लेला. आत चार नावं: सासूबाई, माझा नवरा, मी आणि मावशी. नवऱ्याच्या नावावर लाल शाईची आडवी रेघ, बाजूला कारकुनाची सही आणि तारीख, २०१४ ची. ती रेघ हाच आमचा सगळ्यात भक्कम पुरावा ठरला, कारण त्या तारखेपर्यंत हे दोघं एकाच कार्डावर होते, हे सरकारी सहीनिशी लिहिलेलं होतं. तुमच्याकडे असं जुनं कार्ड असेल तर नवं घेताना ते परत देण्याआधी प्रत काढून ठेवा.

सोबत मतदार यादीतली पानं, दोघांच्या आधारवरचा सारखा पत्ता, पालिकेचा रहिवास दाखला आणि नवऱ्याच्या शाळेचा एक जुना फॉर्म जोडला. त्या फॉर्मवर पालक म्हणून मावशीची सही होती. फोटोही लावा, पण पाच-सहाच, आणि प्रत्येकाखाली साल आणि प्रसंग लिहा. अख्खा अल्बम कुणी बघत नाही.

७. नात्याची साखळी आणि नावांचा घोळ

मावशीचं नातं दाखवायला तीन कड्या लागतात. नवऱ्याच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव, आईच्या जन्मदाखल्यावर तिच्या आईवडिलांची नावं, आणि मावशीच्या दाखल्यावर तीच नावं. ऐकायला सोपं आहे. आता आपल्याकडची खरी अवस्था बघा.

एक: लग्नात मुलीचं नाव बदलण्याची आपली रीत. मावशीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं नाव. नुसतं आडनाव नाही, पहिलं नावसुद्धा वेगळं. या दोन बायका एकच आहेत हे कोण सांगणार? विवाह नोंद, राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, ग्रामपंचायतीचा दाखला, जे असेल ते जोडा आणि वर एका पानात क्रम समजावून सांगा.

दोन: गोव्यातली आडनावं. सासऱ्यांचा जन्म मुक्तीपूर्वीचा, नोंद पोर्तुगीज. तिथे आडनाव ‘पोरोबो’. भारतीय कागदांवर ‘परब’. नवऱ्याचं पोर्तुगीज नागरिकत्व पोरोबो नावावरून आलं, आणि घरातल्या इतर सगळ्यांचे कागद परब नावाचे. नाईकांचे नाईके, देसायांचे देस्साई झालेले अनेकांनी पाहिले असतील. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचा अधिकृत दाखला गोव्यातून आधीच करून घ्या. आम्ही युरोपात बसून तो मिळवायला गेलो, तर माझ्या दिराला पणजी शहरात अकरा खेपा माराव्या लागल्या.

तीन: जुन्या पिढीची जन्मनोंदच नसणं. मावशीचीही नव्हती. ‘नोंद उपलब्ध नाही’ असा दाखला निबंधकाकडून लेखी घ्या आणि त्यासोबत शाळेचा दाखला द्या. तोंडी “नोंद नाही” म्हटलेलं फाइलीत लावता येत नाही.

मराठी आणि पोर्तुगीज कागदांचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. भाषांतरकाराला पासपोर्टची प्रत द्या आणि नावं त्यातल्यासारखीच लिहायला सांगा. आमच्या पहिल्या भाषांतरात मावशीचं नाव तीन पानांत तीन प्रकारे आलं होतं.

८. व्हिसा आणि अर्ज

भारतीय पासपोर्टवर आयर्लंडला यायला आधी व्हिसा लागतो, आणि शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. सासूबाईंसारख्या पहिल्या कप्प्यातल्यांचा व्हिसा विनाशुल्क आणि लवकर द्यावा असं निर्देशच सांगतो. मावशीसारख्यांना ती हमी नाही, त्यामुळे तारखा धरून विमानाची तिकिटं काढू नका. ‘आधी पर्यटक म्हणून आणा, मग इथून अर्ज करा’ हा सल्ला फुकट मिळतो. येण्याचा खरा हेतू व्हिसाच्या अर्जात लपवलात तर पुढचा खरा अर्जही त्या खोट्यावर अडतो.

आयर्लंडमध्ये पोचल्यावर सासूबाईंसारख्यांसाठी फॉर्म ‘ईयू१’, मावशीसारख्यांसाठी ‘ईयू१ए’. फॉर्मची ताजी आवृत्तीच घ्या, इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर असते. मंजुरी आली की नोंदणी होते आणि कार्डावर ‘स्टँप ४ ईयूफॅम’ असं येतं. हे कार्ड साधारण पाच वर्षांचं असतं.

फाइल कशी लावली तेही सांगते. सगळ्यात वर एक पानी पत्र: कोण, कुणाची कोण, कोणत्या आधारावर. मग अनुक्रमणिका. मग चार भाग: स्पॉन्सर, नातं, पैसा, घर. प्रत्येक पानाला क्रमांक, आणि पत्रातल्या प्रत्येक विधानापुढे कंसात पान क्रमांक. पहिल्या वेळी आम्ही १८० पानं नुसती पंच करून दिली होती. दुसऱ्या वेळी ९४ दिली.

९. नकार आला तर

पत्र पूर्ण वाचा, रडून झाल्यावर पुन्हा वाचा. कारणं लिहिलेली असतात, आणि फेरविचारासाठी किती दिवस आहेत तेही. ती मुदत चुकवू नका. फेरविचारात तेच कागद परत देण्यात अर्थ नाही, ज्या कारणावर बोट ठेवलंय त्याचाच नवा पुरावा द्या. आमच्याकडे नवऱ्याच्या खात्यातून पैसे गेल्याचा पुरावा तेव्हा नव्हताच, म्हणून आम्ही फेरविचारात न जाता थांबून नवा अर्ज केला. अशा वेळी एकदा तरी नोंदणीकृत सॉलिसिटरचा सल्ला घ्या. फी जाते, पण दीड वर्ष वाचू शकतं.

१०. आल्यावर

मावशीचा इथला मुक्काम नवऱ्याच्या मुक्कामाला बांधलेला आहे. तो आयर्लंड सोडून पोर्तुगालला किंवा गोव्याला गेला तर तिची परवानगीही डळमळते. पत्ता किंवा स्पॉन्सरची नोकरी बदलली तर कळवा. पाच वर्षं सलग झाली की कायमच्या निवासासाठी अर्ज करता येतो. वर्षात एकूण सहा महिन्यांपर्यंत बाहेर राहिल्यानं ही सलगता तुटत नाही. गंभीर आजारपणासारख्या कारणासाठी एकदा सलग बारा महिन्यांपर्यंत सूट आहे.

मावशीनं कार्ड हातात आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारला होता, चवथीला घरी जाता येईल ना? येतं. जाण्या-येण्याच्या तारखा आम्ही कॅलेंडरवर लाल पेनानं लिहितो, आणि विमानाचे बोर्डिंग पास त्याच बिस्किटांच्या डब्यात टाकतो. डबा आता डब्लिनला आहे.